रुझारमामांचं निळं चॉकलेट

हल्ली चॉकलेटाचे रंग बाटलीत मिळतात. मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या सुनेनं पुण्याहून आणलेल्या सात-आठ बाटल्या टेबलावर मांडल्या आणि मला समजावून सांगितलं, "आजी, हे तेलातले रंग आहेत. पाण्यातला रंग चॉकलेटात चालत नाही बरं का!" मी मान हलवली. तेवढं एक वाक्य शिकायला मला पातेलंभर चॉकलेट नासवावं लागलं होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं. पोरगी घाईत होती. तुम्हाला सवड असेल तर तुम्हाला सांगते.

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या रुझारमामांच्या बेकरीत बारा-तेरा वर्षं काम केलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते. वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर. सुट्टीच्या दिवशी मामा त्यांना केकवर नावं लिहायला बोलवायचे. पुढं वडिलांचा हात कापायला लागला. फळ्यावर सरळ रेघ येईना, मग साखरेच्या बारीक रेघेचं काय बोलायचं? एका सकाळी मामांचा निरोप आला तेव्हा वडील माझ्याकडं वळून म्हणाले, "मालू, तू जा. रांगोळीच आहे असं समज."

आई म्हणाली, "अंडी असतात तिथं."

"मालू नाव लिहायला चाललीय, अंडी उबवायला नाही," वडील म्हणाले.

एका नावापुरती गेले ती तिथलीच झाले. आईनं एवढंच केलं, की रोज संध्याकाळी घरात शिरण्याआधी न्हाणीघरात पाण्याची बादली तयार ठेवायची. कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. हा नेम तिनं शेवटपर्यंत मोडला नाही.

रुझारमामा मूळचे गोव्याचे. तरुणपणी कोल्हापुरात आले आणि एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा म्हणून राहिले. साहेब मायदेशी जायला निघाला तेव्हा त्यानं मामांना दोन वस्तू दिल्या: एक संगमरवराची जाड फरशी आणि चॉकलेटचे कथलाचे साचे. त्या दोन वस्तूंवर मामांनी बेकरी उभी केली, असं ते म्हणायचे. खरं तर बेकरी चालायची पाव, खारी आणि नानकटाईवर. चॉकलेट हा मामांचा जीव. बायको सांतान आणि मुलगी आंजेलीन गावी गोव्यातच होत्या. घर, माड आणि मामांची म्हातारी आई सांभाळत. मामा वर्षातून दोनदा गावी जायचे, नाताळला आणि पावसाआधी. तिकडून आले की आठवडाभर त्यांचं मराठी कोकणी होऊन जायचं. मग हळूहळू कोल्हापूर परत चढायचं.

पहिल्या दिवशी नाव लिहून झाल्यावर साखरेची रेघ काढायची पिशवी परत देताना माझा हात त्यांच्या हाताला लागला. ते दचकलेच. "हात बघू," म्हणाले. दोन्ही तळवे स्वतःच्या गालाला लावून बघितले. मी लाजून अर्धमेली झाले.

"थंड हात गो तुझे! चॉकलेट वितळायचं नाही त्यांत. बाय, उद्यापासून ये. चॉकलेट शिकवतो."

आमच्या घरात थंड हात म्हणजे अशक्तपणा. त्यासाठी आई मला शतावरी पाजायची. त्याच हातांमुळं मला नोकरी मिळाली.

चॉकलेट म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. खायला सगळ्यांना येतं, पण ते किती हट्टी असतं ते करणाऱ्यालाच कळतं. वितळवून नुसतं साच्यात ओतलं की गार झाल्यावर ते मऊ, चिकट, पांढऱ्या रेघांचं होतं आणि साचा सोडत नाही. त्याला आधी बसवावं लागतं. आता सगळे टेंपर करणं म्हणतात, पण मामांचा शब्द 'बसवणं'. मंद आचेच्या वाफेवर वितळवायचं, मग बरंचसं फरशीवर ओतून पात्यानं पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. ते दाट व्हायला लागलं की पातेल्यातल्या कोमट चॉकलेटात परत मिसळायचं. थोडं जास्त गार झालं तर गाठी, थोडं जास्त गरम राहिलं तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं थर्मामीटर नव्हता. थेंब खालच्या ओठाला लावायचा. किंचित गार लागला की बसलं. मग ते साच्यातून आपणहून सुटतं, आरशासारखं चमकतं आणि मोडताना कट्‌ असा आवाज करतं. तो आवाज आला की मामा डोळे मिटायचे.

एवढं सगळं करून आम्ही ते विकायला ठेवलं की कोल्हापूरकर विचारायचे, "हे काळं काय हाय?"

काळ्याला आमच्या गावात शुभकार्यात जागा नव्हती. बारशाला नको, साखरपुड्याला नको. एक म्हातारे गृहस्थ तर चॉकलेट हातात घेऊन म्हणाले, "जखमेवर लावायचं का पोटात घ्यायचं?" मामा दुखावले जायचे. मी नवीन होते, हुशारी दाखवायची हौस होती. एका दुपारी ते भट्टीपाशी असताना मी पेढ्यात घालायचा गुलाबी रंग पाण्यात कालवला आणि बसवलेल्या पांढऱ्या चॉकलेटात चमचाभर ओतला. (पांढरं चॉकलेट मामा स्वतःच करायचे. कोको बटर औषधांच्या दुकानात मिळायचं. डॉक्टर लोक त्याच्या औषधी वड्या करत. त्यात दुधाची पूड आणि पिठीसाखर घालून ते घोटून घोटून मऊ करायचे. चार दिवसांचं काम.)

मी ढवळलं आणि डोळ्यांदेखत ते पातळ, रेशमासारखं चॉकलेट आकसलं. घट्ट, रवाळ, गुलाबी चिखल झाला. मी आणखी ढवळलं. चमचा उभा राहिला.

मामा आले. मला वाटलं, आता घरी. त्यांनी चिखलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्टूल ओढून बसले.

"पाणी घातलंस?"

"एकच चमचा, मामा."

"चॉकलेट म्हणजे काय? तूप. त्यात साखर आणि पूड तरंगते. पाण्याचा थेंब गेला की साखर त्याला धरते, एकमेकीला चिकटते, तुपाला बाहेर हाकलते. पुढं कितीही रडलीस तरी ऐकत नाही. आणि डोळे पूस आधी. तो एक थेंब पडला तर आणखी बिघडेल."

त्या चिखलात त्यांनी दूध ओतलं आणि आम्ही दोघांनी तो पिऊन टाकला. चार दिवसांची मेहनत दोन पेल्यांत संपली. त्यानंतर मी पावसाळ्यात खिडकी उघडी टाकून कधी चॉकलेटाला हात लावला नाही आणि कपाळावर फडकं बांधल्याशिवाय फरशीपाशी उभी राहिले नाही.

आम्हाला पहिला रंग दिला तो हिंदुरावांनी. हे गुळाचे अडते. माणूस दाराएवढा, आवाज त्याहून मोठा. लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आले आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "पावणं, आमच्या व्याह्यांस्नी मुंबईचं चाकलेट लागतंय म्हणं. पण काळं चालायचं न्हाय. हळदीला देणार हाय. पिवळं करा की!"

"पिवळा रंग चॉकलेटात बसत नाही हो," मी म्हटलं.

"का? हळद संपली काय गावातली?"

ते गेले आणि मामा माझ्याकडं बघत राहिले. फोडणीत हळद घालतो तेव्हा तेल पिवळं होतंच की! आम्ही कोको बटर वितळवून त्यात हळद घातली, कोमट ठेवली, धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळली. सोन्यासारखा रंग आला. साच्याच्या आतून ब्रशनं तो रंग लावला, वर चॉकलेट ओतलं. पहिल्या खेपेला रंग साच्यालाच चिकटून राहिला आणि चॉकलेट उघडं बाहेर आलं. तेव्हा कळलं, की रंगाचं कोको बटरही बसवावं लागतं, ओठाला गार लागेपर्यंत. दुसऱ्या खेपेला पिवळीधमक फुलं साच्यातून टपटप पडली.

त्यांना हळदीचा वास येत होता. मी घाबरतच हिंदुरावांना तसं सांगितलं. त्यांनी एक तोंडात टाकलं, चघळलं आणि म्हणाले, "यणारच की! हळद हाय न्हवं! मग काय गुलाबाचा वास यील व्हय?" लग्नात ती सगळी संपली. नंतर वर्षभर लोक 'हळदीचं चाकलेट' मागत यायचे.

तांबडा रंग आमच्या घरात फळीवर होता आणि मला दिसत नव्हता. आई केसांना लावायच्या तेलात रतनजोत घालायची. रतनजोत म्हणजे एका झाडाची वाळकी मुळी, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. एका रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावत होती, बाटली समोर उन्हात होती. त्यातलं लाल तेल बघून मी तशीच उठले. आई ओरडत राहिली, "अगं, अर्धंच झालंय!" तेल म्हणजे तेल. त्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि रंग होता. मी तेलकट, मोकळ्या केसांनी शाहूपुरीत पोचले. मामांनी दार उघडलं आणि मला आधी विचारलं, "कोण गेलं?"

तिसरा रंग, केशरी, गोव्यातून आला. मामांच्या परसात शेंदरीचं झाड होतं. त्याच्या बोंडातल्या बिया तुपात टाकल्या की तूप केशरी होतं. सांतानमामी वर्षाला दोन डबे बिया पाठवायच्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या बिया मी इतक्या निवडल्या, की त्या बाईचा हात मला ओळखीचा वाटायचा. एकही खडा नसायचा, एकही देठ नसायचं.

मग गोव्याची हद्द बंद झाली.

आज तरुण माणसाला हे सांगून पटत नाही. कोल्हापुराहून गोवा तो किती लांब! पण तिकडं पोर्तुगीज, इकडं आपण. सत्याग्रही जाऊ लागले, गोळ्या चालल्या आणि ये-जा थांबली. गाड्या बंद, पत्रं कुठून कुठून फिरून यायची किंवा यायचीच नाहीत. मामांनी परवानगीसाठी अर्ज केला, पुन्हा केला. नाताळ आला. ते नाताळला कोल्हापुरात आहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी केक केले, लोकांना दिले आणि दुपारी फरशी पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

असे दोन नाताळ गेले. मामांची आई तिकडं वारली, ते दीड महिन्यानं कळलं.

तिकडची खबर आणायचा एकच माणूस उरला होता, धोंडीबा. हा चंदगडकडचा. आमच्या बेकरीला काजू द्यायला यायचा. त्याची बहीण हद्दीपलीकडच्या गावात दिलेली. रानातल्या वाटेनं तो तिच्याकडं जाऊन यायचा. बोलायला बेताचा. काजू मोजून झाले की कमरेच्या कापडातून एखादी चिठ्ठी काढून मामांच्या पुढं ठेवायचा आणि दुसरीकडं बघत उभा राहायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं आणलेली चिठ्ठी आंजेलीनची होती. मामांनी ती मला वाचून दाखवली. तिचं लग्न ठरलं होतं. जानेवारीत, गावच्याच चर्चमध्ये. मुलगा शिक्षक. आणि शेवटी लिहिलं होतं (कोकणीत वडिलांना 'पाय' म्हणतात): "पाय, तू येऊ शकणार नाहीस हे मला माहीत आहे. मग तुझी चॉकलेटं तरी पाठव. लोक म्हणतात तू रंगीत करतोस. मला निळी फुलं पाहिजेत, आपल्या सायबिणीच्या शेल्यासारखी."

सायबीण म्हणजे त्यांची मरियामाता. मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "निळा," एवढंच म्हणाले.

चॉकलेटात निळा रंग होत नाही. आम्ही तो कधी केला नव्हता, कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं. निळा रंग तुपात उतरतच नाही. मी कपड्याच्या निळीचं नाव काढलं तर मामा भडकले, "ती धोतराला! माझ्या लेकीच्या पोटात नाही." मग गोकर्ण आठवलं. आमच्या आळीत कुंपणाकुंपणावर गोकर्णाचे वेल होते, फुलं गडद निळी. मी ओंजळी भरभरून आणली. पाण्यात उकळली, शाईसारखं पाणी झालं. पण ते पाणी! कितीही आटवलं तरी चॉकलेट आकसायचंच. रतनजोतीसारखी कोको बटरमध्ये दिवसभर कोमट ठेवली. संध्याकाळी फुलं निळीच होती आणि बटर पिवळंच.

पंधरा दिवस गेले. मामा ओरडेनासे झाले. ते ओरडत असले की बरं असायचं.

एकदा घरी जेवताना मी हे सगळं वडिलांना सांगितलं. त्यांचा हात तेव्हा इतका कापायचा, की आई त्यांना वाटीत कालवून द्यायची. ते म्हणाले, "रंग विरघळलाच पाहिजे असं तुला कोणी सांगितलं? तैलरंग कसा करतात? कोरडी पूड तेलात घोटतात. ती विरघळत नाही, नुसती इतकी बारीक होते, की डोळ्याला वेगळी दिसत नाही. फुलं वाळव सावलीत. पूड कर. घोट. कंटाळा आला की पुन्हा घोट."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बेकरीत आले. हात कापायला लागल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मामांनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सारली. सावलीत वाळवलेल्या पाकळ्यांची पूड मी मलमलीतून चाळली होती. वडिलांनी ती खलात घेतली, वितळलेलं कोको बटर घातलं आणि घोटायला लागले. मी म्हटलं, "बाबा, मी करते."

"लिहायला हात स्थिर लागतो, मालू. घोटायला नाही लागत."

ते सकाळी नऊला खाली जमिनीवर बसले आणि दुपारी तीनला उठले. चहासुद्धा तिथंच बसून घेतला. तो बेकरीतला चहा होता, आणि तो त्यांनी घेतला, हे मी आईला सांगितलं नाही.

रंग आला, पण हिरवट. मूळ कोको बटर पिवळसर, त्यात निळा, मग हिरवा होणारच. मामांचा चेहरा पडला. वडील हसले. चार-पाच वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "पिवळ्याला जांभळा मारतो. ही तुमची तांबडी मुळी जांभळट आहे ना? तिचे दोन थेंब द्या. दोनच."

दोन थेंब दिले. हिरवट झाक गेली आणि फिका, किंचित राखाडी निळा उरला. गडद नव्हता. चमकदारही नव्हता. मी घाबरत मामांकडं बघितलं. त्यांनी रंग उजेडात धरला.

"आमच्या कपेलातली, लहान चर्चातली, सायबीण अशीच आहे," ते म्हणाले. "खिडकीपाशी उभी असते. उन्हानं तिचा शेला असाच झालाय."

पुढचे चार दिवस आम्ही निळी फुलं केली. प्रत्येक साच्यात मी ब्रशनं पाकळ्या रंगवायच्या, मामांनी ओठाला लावून बघायचं, ओतायचं. त्यांनी मोडकी, डागाळलेली सगळी बाजूला काढली आणि उरलेली पत्र्याच्या डब्यात, भाताच्या तुसात थर देऊन बसवली, म्हणजे ऊब लागणार नाही.

धोंडीबा बुधवारी सकाळी डबा न्यायला येणार होता. आदल्या खेपेला तो काजू ठेवून जाताना थांबला आणि मामांना म्हणाला, "मामा, डब्याबरुबर तुमी बी चला की. वाट पायाखालची हाय. दोन दिस रानात काढायचं. पोरीचं लगीन एकदाच हुतंय."

मामांनी त्याचे पैसे मोजून दिले होते. पण बुधवारी मी बेकरीत पोचले तेव्हा ते लांब काळा कोट घालून उभे होते. दाढी गुळगुळीत. बूट पुसलेले. टेबलावर डबा आणि एक लहान पिशवी. भट्टी त्यांनी पेटवलीच नव्हती.

मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मामा, जाऊ नका. हद्दीवर गोळी घालतात. तुम्ही पन्नाशीचे, रानातून पळता यायचं नाही. आणि पोचलात तरी परत कसे येणार? तिकडं पकडलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. मामींना लग्नात नवरा पाहिजे की नंतर सुतक पाहिजे?"

हे सगळं खरं होतं. कुणीही शहाण्या माणसानं हेच सांगितलं असतं. पण ते बोलताना माझ्या मनात दुसरं काय होतं, ते मला माहीत आहे. मी सत्तावीस वर्षांची होते. लग्न जमत नव्हतं. बेकरीत काम करणारी मुलगी म्हटलं, की पाहायला आलेले लोक चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे. त्या संगमरवरी फरशीपुढं उभी राहिले, की मी कुणीतरी होते. मामा गेले आणि परत आले नाहीत तर बेकरी बंद होणार होती, आणि मी आईच्या न्हाणीघरातल्या बादलीपाशी परत जाणार होते. मी त्यांच्यासाठी बोलत होते. माझ्यासाठीही बोलत होते. कोणता भाग किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मामांनी डब्याचं झाकण चाचपून बघितलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस तसं?"

"हो, मामा."

त्यांनी कोट काढला, नीट खुंटीला लावला. धोंडीबा आला तेव्हा ते भट्टी पेटवत होते. वळले नाहीत. "डबा ने," म्हणाले. "उन्हात ठेवू नकोस. आणि पाणी लागू देऊ नकोस."

"तुमी?"

"तू जा, धोंडीबा."

धोंडीबानं माझ्याकडं एकदा बघितलं. डबा उचलला आणि गेला.

तो तीन आठवड्यांनी आला. डबा परत घेऊन. मामांनी त्याला बसवलं, पाव-चहा दिला, पण विचारेनात. शेवटी मीच विचारलं.

"पोचला," धोंडीबा म्हणाला. "येक फूल बी मोडलं न्हाय. नवरी लई हसली. मंग रडली. अख्ख्या गावानं हातावर घिऊन बगितलं, खायाला कुणी धजंना. पाद्रीबाबानं पयलं खाल्लं, मंग सगळ्यांनी."

"आणि तिची आई?" मामांनी विचारलं.

धोंडीबानं चहा खाली ठेवला. "त्यांनी डबा धुतला, पुसला. ह्यो भरून दिला. म्हणल्या, डबा पोचला म्हणून सांग. माणूस न्हाय पोचला म्हणून बी सांग."

डब्यात शेंदरीच्या बिया होत्या. एकही खडा नाही, एकही देठ नाही. त्या बियांचा रंग मामांनी मला कधी काढू दिला नाही.

काम चालू राहिलं. निळी फुलं आम्ही पुढंही केली. एका शाळेच्या समारंभाला केली, पन्हाळ्यावर आलेल्या पाहुण्यांसाठी केली. लोक लांबून विचारत यायचे. मामा माझं नाव सांगायचे, "ही मालू आणि हिचे वडील." स्वतःचं नाव घ्यायचे नाहीत. हद्द उद्या उघडेल, येत्या नाताळला उघडेल, असं सगळे म्हणायचे. सांतानमामी तापानं गेल्या तेव्हा ती उघडलेली नव्हती. धोंडीबानं ही खबर आणली तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. मामांनी ऐकून घेतलं. त्या दिवशीचे पाव भाजून होईपर्यंत ते भट्टीपासून हलले नाहीत. मी बाजूला उभी होते. मला काहीतरी बोलायचं होतं. ते मी पुढं आणखी बरेच महिने बोलले नाही.

अखेर गोवा मोकळा झाला. शाहूपुरीत पेढे वाटले, मामांनी दुकानातली सगळी नानकटाई रस्त्यावर उभं राहून वाटली. आणि मग आंजेलीनचं पत्र आलं, साधं, पोस्टानं, तिकीट लावलेलं. तिला दोन मुलं झाली होती. घरी या, म्हणून लिहिलं होतं. मामांनी बेकरी माझ्या ताब्यात दिली. "फरशी इथंच राहू दे," म्हणाले. "ती तुझ्या हातांची झालीय."

मी त्यांना एस्टी स्टँडवर सोडायला गेले. ते तोच काळा कोट घालून आले होते. आता तो खांद्यांवर सैल झाला होता. गाडी लागली होती, माणसं चढत होती, ते खिडकीपाशी बसले आणि मी खाली उभी. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"मामा, त्या बुधवारी मी तुम्हाला अडवलं. ते नुसतं गोळीच्या भीतीनं नव्हतं. तुम्ही गेलात तर माझं काय, हेही माझ्या मनात होतं. माझ्यामुळं मामींची आणि तुमची भेट झाली नाही."

मामांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. रागावले नाहीत, चकितही झाले नाहीत.

"बाय," ते म्हणाले, "त्या सकाळी कोट घालून मी तासभर दाराकडं बघत उभा होतो. कुणीतरी येऊन 'जाऊ नको' म्हणावं म्हणून. तू आलीस, म्हणालीस. नसतीस म्हणाली तर मीच धोंडीबाला काहीतरी कारण सांगितलं असतं. पाय थरथरत होते माझे. कोटाखाली कुणाला दिसले नाहीत."

 कंडक्टर दार ओढून घेत होता.

मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आणि हे ओझं तू एवढी वर्षं एकटी घेऊन बसलीस? अर्धं दे इकडं."

घंटी वाजली. गाडी हलली. त्यांचा हात वळणापर्यंत तसाच बाहेर होता, तळवा वर केलेला.